पोटा कोणी रद्द केला, एनआयए कोणी आणली? दहशतवादविरोधी कायद्यांवरच्या राजकीय भांडणाची गोष्ट

१० एप्रिल २०२५. २६/११च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला घेऊन अमेरिकेहून आलेलं विमान दिल्लीत उतरलं. राणाची चौकशी सुरू होण्याआधीच समाजमाध्यमांवर वेगळाच वाद पेटला होता. त्याला आणण्याचं श्रेय कोणाचं?

भाजपच्या नेत्यांनी हे मोदी सरकारचं यश असल्याचं सांगितलं. माजी गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी निवेदन काढून याची सुरुवात यूपीए सरकारच्या काळात झाल्याचं सांगितलं. खरं तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. एनआयएने राणा आणि डेव्हिड हेडलीवर गुन्हा नोंदवला तो नोव्हेंबर २००९मध्ये. भारताच्या प्रत्यार्पणाच्या विनंतीवरून राणाला अमेरिकेत अटक झाली ती २०२०मध्ये. पण अर्ध्या-अर्ध्या श्रेयावर कोणाचं समाधान होत नाही.

यानंतर बाराच दिवसांनी, २२ एप्रिलला, पहलगाममध्ये २६ जणांना गोळ्या घालून मारण्यात आलं. त्यात सहा जण महाराष्ट्रातले होते. आता प्रश्न श्रेयाचा नव्हता, जबाबदारीचा होता, आणि कालपर्यंत श्रेय मागणारे व श्रेय नाकारणारे यांनी आपापल्या जागा बदलल्या होत्या. जुलैमध्ये लोकसभेत यावर चर्चा झाली तेव्हा गृहमंत्री अमित शाह यांनी यूपीएच्या काळातल्या हल्ल्यांची यादी वाचली आणि २००४मध्ये पोटा रद्द झाल्याची आठवण काढली. प्रियांका गांधी यांनी २६/११नंतर गृहमंत्र्यांनी आणि मुख्यमंत्र्यांनी राजीनामे दिल्याची आठवण काढली.

तुमच्या फोनवर येणारे 'यांनी कायदा मोडला', 'त्यांनी अतिरेकी सोडले' हे संदेश याच भांडणातले आहेत. त्यातले बरेचसे अर्धे खरे असतात. उरलेला अर्धा भाग काय, ते पाहायचं तर चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

टाडा: आणला काँग्रेसने, जाऊ दिला काँग्रेसनेच

पंजाबातला हिंसाचार टिपेला असताना १९८५मध्ये राजीव गांधींच्या सरकारने टाडा आणला. १९८७मध्ये तो नव्याने केला गेला. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालेल, ही त्यातली सगळ्यात वादग्रस्त तरतूद. आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा मानला जात नाही. तो कसा मिळवला जातो हे कायदे करणाऱ्या इंग्रजांनाही ठाऊक होतं!

टाडाखाली ७६ हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. दोषी ठरलेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत राहिलं. पंजाबपासून दूर असलेल्या गुजरातमध्येही त्याचा सढळ हाताने वापर झाला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षांनी खासदारांना पत्र लिहून कायद्याला मुदतवाढ देऊ नका, असं सांगितलं आणि मे १९९५मध्ये नरसिंह राव सरकारने तो संपू दिला. आधीचे खटले मात्र चालूच राहिले. १२ मार्च १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा निकाल टाडा न्यायालयानेच दिला, २००६-०७मध्ये. कायदा संपून तेव्हा अकरा वर्षं उलटली होती.

पोटा: संसदेचं संयुक्त अधिवेशन आणि वायको

अमेरिकेतल्या ९/११च्या हल्ल्यानंतर, ऑक्टोबर २००१मध्ये वाजपेयी सरकारने पोटाचा अध्यादेश काढला. डिसेंबरमध्ये संसदेवर हल्ला झाला. मार्च २००२मध्ये विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत पडलं, कारण तिथे सरकारकडे बहुमत नव्हतं. मग २६ मार्चला दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावण्यात आली. स्वतंत्र भारतातली अशी ही फक्त तिसरी बैठक. ४२५ विरुद्ध २९६ मतांनी पोटा मंजूर झाला.

त्या दिवशीच्या चर्चेत काँग्रेसने गैरवापराची भीती मांडली. सत्ताधाऱ्यांनी बोट दाखवलं ते महाराष्ट्राकडे. इथे काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं आणि मकोका जोरात चालू होता, त्यातही पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाची तरतूद होती. हा मकोका १९९९मध्ये आणला होता शिवसेना-भाजप युतीने. काही महिन्यांत सत्ता बदलली, कायदा तसाच राहिला. महाराष्ट्रात कोणत्याही सरकारने तो रद्द केला नाही आणि त्यावरून निवडणुकीत कोणी फारसं भांडलंही नाही. सत्तेत असणाऱ्याला असा कायदा सोयीचाच वाटतो.

पोटाचं पुढे काय झालं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तमिळनाडूतलं. एमडीएमकेचे नेते वायको हे वाजपेयी सरकारचे मित्र, पोटाला संसदेत पाठिंबा देणारे. जुलै २००२मध्ये जयललिता सरकारने त्यांनाच पोटाखाली अटक केली. कारण? बंदी असलेल्या एलटीटीईच्या समर्थनार्थ एका सभेत केलेलं भाषण. दीड वर्षाहून अधिक काळ ते तुरुंगात होते. ज्या कायद्याच्या बाजूने मत दिलं, त्याच कायद्याने त्यांना तुरुंगात टाकलं. उत्तर प्रदेशात मायावतींच्या सरकारने आमदार राजा भैया यांच्यावर पोटा लावला. कायदा दिल्लीत होतो, पण वापरतात राज्यांचे पोलीस, हे तेव्हा भाजपच्याही लक्षात आलं.

२१ सप्टेंबर २००४: त्या दिवशी नेमकं काय घडलं?

मनमोहन सिंग सरकारने निवडणुकीनंतरच्या किमान समान कार्यक्रमात पोटा रद्द करण्याचं आश्वासन दिलं होतं. ते २१ सप्टेंबर २००४ला अध्यादेश काढून पाळलं. 'काँग्रेसने पोटा रद्द केला' हा संदेश इथपर्यंत खरा आहे.

पण त्याच दिवशी दुसराही अध्यादेश निघाला. १९६७पासून असलेल्या बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएमध्ये, दुरुस्ती करणारा. तोवर हा कायदा मुख्यतः फुटीर संघटनांवर बंदी घालण्यासाठी होता. या दुरुस्तीने पोटातली दहशतवादी कृत्याची व्याख्या, शिक्षा, दहशतवादी संघटनांची यादी यूएपीएमध्ये आणली. वगळलं ते पोलिसांपुढचा कबुलीजबाब, कडक जामीन आणि आरोपपत्राविना १८० दिवसांची कोठडी.

म्हणजे एका हाताने काढून दुसऱ्या हाताने ठेवला. काँग्रेसने पाठीराख्यांना सांगितलं, काळा कायदा घालवला. भाजपने सांगितलं, देश उघड्यावर टाकला. दोघांनाही दुसऱ्या अध्यादेशाबद्दल बोलण्यात रस नव्हता, आणि आजही नाही.

पोटा असता तर २६/११ टळलं असतं का? संसदेवर हल्ला झाला तेव्हा पोटाचा अध्यादेश लागू होता. सप्टेंबर २००२मध्ये गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला, ऑगस्ट २००३मध्ये गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजारात स्फोट झाले, तेव्हाही पोटा होताच. गेटवे स्फोटांतल्या आरोपींना पोटाखालीच शिक्षा झाली, तीसुद्धा २००९मध्ये, कारण कायदा रद्द करताना सुरू असलेली प्रकरणं पुढे चालू ठेवली होती. अक्षरधाम प्रकरणात उलट झालं. दोषी ठरवलेल्या सहाही जणांना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४मध्ये निर्दोष सोडलं आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. कसाबला फाशी झाली ती खून आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं या जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलमांखाली. सोबत यूएपीएही होता, २००४मध्ये दुरुस्त झालेला.

असा कायदा बहुतेक वेळा हल्ल्यानंतर कामाला येतो. हल्ल्याआधी लागतो तो वेळेवर मिळालेला आणि कोणीतरी गांभीर्याने घेतलेला सुगावा.

२६/११नंतर जागा बदलल्या

डिसेंबर २००८मध्ये चित्र पूर्ण फिरलं. १७ आणि १८ डिसेंबर या दोन दिवसांत लोकसभा आणि राज्यसभेने दोन विधेयकं मंजूर केली. एकाने एनआयए जन्माला आली. दुसऱ्याने १८० दिवसांची कोठडी आणि अतिशय कडक जामिनाची तरतूद यूएपीएमध्ये परत आली. आरोप सकृद्दर्शनी खरे वाटत असतील तर जामीन द्यायचाच नाही, असं सांगणारं ४३डी(५) हे कलम तेव्हाचं. चार वर्षांपूर्वी जे काढलं त्यातलं बरंचसं, पोलिसांपुढचा कबुलीजबाब सोडून, त्याच यूपीए सरकारने परत आणलं. भाजपने पाठिंबा दिला.

त्यामुळे समाजमाध्यमांच्या दुसऱ्या टोकाला फिरणारा 'यूएपीए हा भाजपचा काळा कायदा' हा दावाही टिकत नाही. मोदी सरकारने २०१९मध्ये त्यात भर घातली. संघटनेप्रमाणे एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी जाहीर करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. राज्यसभेत काँग्रेसने विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याची मागणी केली, ती फेटाळली गेल्यावर विधेयकाच्या बाजूने मत दिलं. नव्या अधिकाराने जाहीर झालेल्या पहिल्या चार नावांत मसूद अझहर होता. डिसेंबर १९९९मध्ये कंदाहारला नेलेल्या आयसी-८१४ विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात वाजपेयी सरकारने सोडलेल्या तिघांपैकी एक. काँग्रेस याची आठवण दर निवडणुकीला करून देते. १९८९मध्ये गृहमंत्री मुफ्ती मोहम्मद सईद यांच्या मुलीच्या सुटकेसाठी पाच अतिरेकी सोडले गेले, तेव्हाचं व्ही. पी. सिंग सरकार भाजप आणि डाव्यांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभं होतं. ही आठवण त्या मानाने कमी निघते, कारण ती कोणाच्याच सोयीची नाही.

मग जबाबदारी राज्याची की केंद्राची?

घटनेनुसार पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय. सीमा, गुप्तचर विभाग, परराष्ट्र संबंध केंद्राकडे. दहशतवादी हल्ला या दोन्हींच्या मधल्या फटीत होतो, आणि हल्ल्यानंतर दोन्ही सरकारं त्या फटीकडे बोट दाखवतात.

ही फट बुजवण्याचा एक प्रयत्न चिदंबरम यांनी केला. फेब्रुवारी २०१२मध्ये राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र, म्हणजे एनसीटीसी, स्थापन करण्याचा आदेश निघाला. ते इंटेलिजन्स ब्युरोच्या अखत्यारीत राहणार होतं आणि झडती व अटकेचा अधिकारही त्याला मिळणार होता. गुप्तहेर यंत्रणेलाच अटकेचा अधिकार देणं जगातल्या बहुतेक लोकशाही देशांत टाळलं जातं, त्यामुळे आक्षेप पोकळ नव्हता. ममता बॅनर्जी, नवीन पटनाईक, जयललिता यांच्यासोबत विरोध करणाऱ्यांत गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदीही होते. राज्यांचे अधिकार हिरावले जात आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. केंद्र बारगळलं. २०१४नंतर तेच मोदी पंतप्रधान झाले, तरी त्या आराखड्यातलं केंद्र उभं राहिलं नाही.

मोदींची केंद्राविरुद्ध आणखी एक जुनी तक्रार होती. मकोकाच्या धर्तीवर गुजरातने केलेल्या गुजकोक विधेयकाला मंजुरी मिळत नव्हती. महाराष्ट्राला चालतं ते गुजरातला का नाही, हा त्यांचा प्रश्न सभांमध्ये टाळ्या घ्यायचा, आणि तो बिनतोड होता. फक्त हे विधेयक पहिल्यांदा २००४मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी परत पाठवलं होतं, दूरध्वनी संभाषणं ऐकण्याच्या कलमांवरून. प्रतिभा पाटील यांच्या काळात २००९मध्ये ते पुन्हा परत आलं. शेवटी मंजुरी मिळाली ती २०१९मध्ये.

जानेवारी २०२०मध्ये भूमिका पुन्हा उलटल्या. महाराष्ट्रात महाविकास आघाडीचं सरकार नुकतंच आलं होतं. एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणाच्या पोलीस तपासाचा फेरआढावा घेण्याची चर्चा सुरू होताच केंद्राने तपास एनआयएकडे दिला. राज्याला न विचारता. गृहमंत्री अनिल देशमुख यांनी निषेध केला, शरद पवारांनी टीका केली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पुढे हस्तांतराला हरकत घेतली नाही, त्यावर पवारांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पण राज्याच्या संमतीशिवाय तपास घेण्याचा अधिकार केंद्राला देणारं कलम २००८च्या मूळ एनआयए कायद्यातच आहे, आणि तो कायदा मंजूर झाला तेव्हा पवार केंद्रात मंत्री होते. त्याच महिन्यात छत्तीसगडचं काँग्रेस सरकार याच कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. काँग्रेसच्याच केंद्र सरकारने केलेल्या कायद्याविरुद्ध.

राजीनामे झाले, चौकशी अर्धीच

२६/११नंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील या तिघांनी पद सोडलं, हे खरं. नैतिक जबाबदारी म्हणून त्याला आजच्या तुलनेत वजन आहे. पण पुढचं वाक्य कोणी जोडत नाही. विलासराव सहा महिन्यांत केंद्रात मंत्री झाले. आर. आर. पाटील वर्षभरात पुन्हा राज्याचे गृहमंत्री. शिवराज पाटील २०१०मध्ये पंजाबचे राज्यपाल.

राजीनाम्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न होता, चूक कुठे झाली? राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. तिने मुंबई पोलिसांच्या प्रतिसादातल्या त्रुटी दाखवल्या, आयुक्तांच्या नेतृत्वावर बोट ठेवलं. अहवाल विधिमंडळात यायला डिसेंबर २००९ उजाडलं. पण समिती राज्याने नेमलेली, तिची कक्षाही राज्यापुरती. केंद्राच्या गुप्तचर यंत्रणांकडे काय माहिती होती, समुद्रावरची गस्त कुठे चुकली, मानेसरहून निघालेल्या एनएसजीच्या कमांडोंना मुंबई गाठायला सकाळ का झाली, हे तिने तपासायचंच नव्हतं. केंद्राने अशी समिती नेमलीच नाही.

हे आपल्याकडे कधी झालंच नाही, असंही नाही. कारगिल युद्ध संपताच वाजपेयी सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून, संसदेत मांडला. अमेरिकेत ९/११च्या चौकशी आयोगात पाच रिपब्लिकन आणि पाच डेमोक्रॅट होते, त्यांनी २००४मध्ये एकमताने अहवाल दिला. तिथलं राजकीय भांडण त्याने थांबलं नाही. पण कोणत्या यंत्रणेला कोणत्या महिन्यात काय ठाऊक होतं, याची एक नोंद तयार झाली, जिच्यासमोर कोणत्याही पक्षाचं विधान ठेवून तपासता येतं. २६/११बद्दल अशी नोंद भारताकडे नाही. ती जागा भाषणांनी आणि संदेशांनी भरली आहे.

पहलगामच्या वेळी तर राज्य-केंद्र फटीचीही सोय नव्हती. जम्मू-काश्मीर केंद्रशासित आहे, तिथले पोलीस नायब राज्यपालांमार्फत केंद्राच्या हाताखाली आहेत. नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी जुलैमध्ये ही सुरक्षेतली त्रुटी होती आणि आपण पूर्ण जबाबदारी घेतो, असं मुलाखतीत सांगितलं. ते पदावर राहिले.

दहा दिवसांत दोन निकाल

त्याच जुलै महिन्यात मुंबईत दोन निकाल लागले. २१ जुलैला उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६च्या लोकल गाड्यांमधल्या स्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेल्या सर्व १२ जणांना निर्दोष सोडलं. त्या स्फोटांत १८०हून अधिक प्रवासी गेले होते. खटला मकोकाचा होता, म्हणजे त्यात पोलिसांपुढचे कबुलीजबाब होते, ज्या तरतुदीसाठी २००२मध्ये संयुक्त बैठक बोलावावी लागली तीच तरतूद. उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ जुलैला, या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये, इतकी स्थगिती मिळाली.

३१ जुलैला विशेष एनआयए न्यायालयाने २००८च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. एटीएसने सुरू केलेला हा तपास २०११मध्ये एनआयएकडे गेला होता आणि २०१६मध्ये एनआयएने त्यातला मकोका वगळला होता.

पहिल्या निकालाने धक्का बसलेले नेते दुसऱ्या निकालाने आनंदले, दुसऱ्याने धक्का बसलेल्यांनी पहिल्याचं स्वागत केलं. थोडेसे अपवाद वगळता पक्षांनुसार रेषा सरळ आखता येत होती. लोकलमध्ये बॉम्ब कोणी ठेवले आणि मालेगावच्या भिक्खू चौकात स्फोट कोणी घडवला, या दोन प्रश्नांची उत्तरं अनुक्रमे १९ आणि १७ वर्षांनी न्यायालयाच्या नोंदीत कोरी आहेत. मालेगावच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील दाखल केलं ते स्फोटात मारल्या गेलेल्या सहा जणांच्या कुटुंबीयांपैकी काहींनी.